गावकरांच्या विहिरीचे तीन थर

"सरासरी नको मॅडम, वही पाहिजे."

दारात उभ्या राहिलेल्या त्या माणसाने स्वतःचं नाव सांगायच्या आधी हे सांगितलं. शहाण्णव सालचा मे महिना, सकाळचे साडेदहा वाजलेले. अंगभर एसटीची धूळ, एका खांद्याला कापडी पिशवी आणि हातात प्लॅस्टिकच्या बाटल्यांची जाळी. मी लगेच ओळखलं. आडवणे गावात बाटल्या घेऊन विहिरी विहिरी फिरणारा परगावचा माणूस एकच होता आणि मी त्याला दोन वर्षं टाळत आले होते.

"आधी आत या. वहीचं नंतर बघू," मी म्हटलं.

"नंतर नाही जी. चारची गाडी पकडाची हाय मले."

हा हेमराज बावणे. मूळचा भंडाऱ्याचा, संशोधनासाठी गोव्याच्या एका संस्थेत आलेला. मी सांगलीची तनुजा घोरपडे, कामासाठी याच गावात भाड्याने राहणारी. वय सव्वीस, तोंड फटकळ, आणि माझ्या कामाला कुणी हात लावलेला मला खपत नसे. दोघंही एकाच खाडीकाठच्या त्याच तेवीस विहिरींवर काम करत होतो. तो पाण्यातलं मीठ मोजायचा, मी पाण्याची पातळी. शहाण्या माणसांनी दोन्ही आकडे पहिल्याच दिवशी शेजारी शेजारी ठेवले असते. त्याने तशी तीन पत्रंही पाठवली होती. मी एकाचंही उत्तर दिलं नव्हतं. पोरगा आपले आकडे घेऊन मोकळा होईल आणि स्वतःच्या नावावर छापून आणेल, अशी माझी खात्रीच होती.

आता मात्र गळ्याशी आलं होतं. जूनच्या पहिल्या आठवड्यात पणजीला तरुण संशोधकांचा मेळावा होता. विषय बदलत्या पर्यावरणाचा. देशभरातून चाळीस जण येणार, त्यांतले सहा जण बोलणार, आणि सहांतला एक वर्षभरासाठी परदेशातल्या प्रयोगशाळेत जाणार. त्या सहांत माझं नाव होतं. माझ्या प्रबंधाचे मार्गदर्शक देसाई सर तर म्हणाले होते, "तनुजा, तुझंच नक्की समज." मेळाव्याचा नियम एकच होता. जो बोलेल त्याने आपली सगळी कच्ची मोजमापं सामाईक साठ्यात ठेवायची, म्हणजे ती कुणालाही वापरता येतील. मी हुशारी करून नुसत्या सरासऱ्या पाठवल्या. आणि मोजमापं गोळा करायचं काम नेमकं या बावण्याकडे होतं.

ही संधी गेली असती तर काय, तेही सांगते. वडिलांनी मला त्या दिवाळीपर्यंतची मुदत दिली होती. त्यानंतर मिरजेचं स्थळ. मुलाचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि त्याने मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "विहिरीत रोज काय बघता?"

मी ट्रंकेतून वही काढली. खाकी पुठ्ठ्याची, पाण्याचे डाग पडलेली. द्यायची नव्हती, म्हणून मांडीवरच धरून बसले.

"हे बघा, निष्कर्ष तुम्हाला ठाऊकच आहे. देसाई सरांनी सत्याऐंशीपासून तीन वर्षं ह्याच विहिरी मोजल्या. मी त्र्याण्णवपासून मोजतेय. मधल्या काळात मे महिन्याची पातळी सरासरी बत्तीस सेंटिमीटर खाली गेली. एक फूट! सहा वर्षांत! खाडीकाठाला हे भयंकर आहे."

"तेच तं समजत नाही मले," तो पडवीच्या पायरीवर टेकत म्हणाला. "गोडं पाणी फूटभर उतरलं तं खाडीचं खारं पाणी आत याले पाहिजे. माह्या बाटल्यांमंधी मीठ काही वाढलंच नाही. पहिल्या वर्षी मले वाटलं मीच चुकलो. दुसऱ्या वर्षी दोनदा मोजलं. तेवढंच."

"मग तुमच्या बाटल्या नीट धुतल्या नसतील."

"धुतल्या जी," तो शांतपणे म्हणाला. तो चिडत नसे, याचा मला फार राग यायचा.

शेवटी घरमालकीण काकूंनी कोकम सरबत आणून दिलं, तेव्हा पेला घ्यायला माझे हात वर गेले आणि त्याने वही उचलली. इतकी साधी चोरी मी नंतर कधी पाहिली नाही.

तो वाचू लागला. पान उलटायच्या आधी बोट शर्टाला पुसायचा. मग त्याने पिशवीतून कागद काढला आणि विहिरींची नावं सोडून नुसते फरक उतरवायला लागला, जवळजवळचे आकडे एकेका ओळीत. मी वाकून बघत होते. माझे आकडे दुसऱ्याच्या अक्षरात प्रथमच दिसत होते.

"वाचा," त्याने कागद पुढे केला.

"शून्य, एक, शून्य, दोन, एक." त्या पाच विहिरींची पातळी हललीच नव्हती. का हलली नाही यावर मी प्रबंधात चार पानं लिहिली होती.

"पुढं."

"बावीस, तेवीस, चोवीस, तेवीस, बावीस, तेवीस, चोवीस."

"आता?"

"पंचेचाळीस, सेहेचाळीस, सत्तेचाळीस..." मी थांबले. त्यापुढे एकदम अडुसष्ट, सत्तर, एकोणसत्तर.

"तीस कुठं हाय? पस्तीस कुठं हाय? पन्नास? साठ?" त्याने विचारलं. "तेवीस, त्याची दुप्पट, त्याची तिप्पट. विहिरीचं पाणी असं पायऱ्या पायऱ्यांनं उतरते काय जी?"

तीन वर्षं रोज ती वही माझ्या उशाशी होती. सरासरी काढायच्या घाईत मी ती कधी अशी वाचलीच नव्हती.

"तुम्हाला म्हणायचंय काय? मी आकडे बनवले?"

"बाप्पा! असं कोन म्हंते? बनवणाऱ्यानं तीस-पस्तीसही लिहिले असते. तुमी इमानदारीनं मोजलं हाय, म्हनूनच तं दिसून रायलं."

चांगलं म्हटलं की वाईट, तेही त्या क्षणी कळलं नाही. मी तडक उठले, चपला घातल्या आणि म्हटलं, "चला गावकरांच्या विहिरीवर. तुमच्यासमोर मोजते."

गावकरांच्या विहिरीत सगळ्यात मोठा फरक होता, सत्तर. माझी मोजायची पद्धत सरांच्या वहीत लिहिली होती तशीच तंतोतंत. 'काठापासून पाण्यापर्यंत.' मी टेपचा शून्य कठड्याच्या वरच्या कडेला लावला, खाली वजन सोडलं, पाण्याला टेकल्यावर आकडा वाचला. अगदी वहीतला आकडा आला.

"झालं समाधान?"

तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो कठड्याकडे बघत होता. कठडा जांभ्या चिऱ्यांचा, कोकणात असतो तसा. खालचे चिरे काळे पडलेले, शेवाळाने माखलेले. वरचे चिरे तांबडे, कडा अजून धारदार. हेमराजने तांबड्या थरांवरून खालून वर बोट नेत मोजलं, "एक, दोन, तीन." मग टेपने एका चिऱ्याची उंची घेतली, सांध्याच्या सिमेंटसकट.

"तेवीस," तो म्हणाला.

मी त्या कठड्यावरच बसले. तीन वर्षं त्याच कठड्याला पोट टेकवून मी विहिरीत वाकत होते. वरचे चिरे नवे आहेत हे आंधळ्यालाही हाताने कळलं असतं. सर मोजत होते तेव्हा काठ खाली होता. मी मोजायला लागले तेव्हा काठ वर गेला होता. पाणी होतं तिथेच होतं.

"कोन बांधलं असंन हे?" हेमराजने विचारलं.

गावात गवंडी एकच. सोमा मेस्त्री. शाळेच्या कुंपणाच्या भिंतीवर चिरा बसवत होता. साठीचा, काटक, डोक्याला पंचा. मी विचारलं, "मेस्त्री, विहिरींचे कठडे तुम्ही वाढवलेत का हो?"

"होय तर! गावकाराचा रेडकू बावीत पडला, तेच्या दुसऱ्या वर्साक. पंचायतीन काम दिल्यान माका. कित्याक गो?"

"किती वाढवले?"

"सगळ्यांचे सारके नाय. जेका जितक्या होया तितक्या."

हेमराज पुढे झाला. "बाबा, कोन्या विहिरीले किती थर टाकले, काही आठवते काय?"

मेस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ह्यो काय म्हणता?"

मी सांगितलं. मेस्त्री म्हणाला, "माका ठावक नसात तर कोणाक? चिरे कोणी व्हायले, ह्याच्या बापाशीन?"

"काय म्हंते ते?" हेमराजने विचारलं.

"हो म्हणतात," मी म्हटलं.

आणि मेस्त्रीने हातातली थापी न सोडता सांगायला सुरुवात केली. देवळाच्या बावीक दोन. राणेंच्या बावीक एक, कारण म्हातारीक वाकाक जमत नाय. गावकाराक तीन, रेडकू तेंचाच. शाळेच्या बावीक हातच लावूक नाय, ती बांदलेलीच उंच होती. मी एकेक नाव ऐकून वहीतला आकडा वाचत होते आणि हेमराज खूण करत होता. तेवीस विहिरी. तेवीसच्या तेवीस जुळल्या. ज्या पाच विहिरींची पातळी हलली नव्हती, त्याच पाचांना मेस्त्रीने हात लावला नव्हता. माझी चार पानं गेली चुलीत.

हेमराजने तिथेच गोणपाटावर बसून हिशेब केला. थरांची उंची वजा केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. बत्तीस सेंटिमीटरचा राहिला जेमतेम पाव. पाव सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, दोन पावसाळ्यांतला साधा फरक.

मला रडू कोसळलं. चारचौघांत रडणारी मी नव्हे, पण त्या दिवशी शाळेच्या भिंतीला टेकून हमसाहमशी रडले. तीन वर्षांचं काम, पणजी, परदेश, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि सगळ्यात शेवटी मिरजेचं ते दुकान आलं.

मेस्त्री थापी खाली ठेवून जवळ आला. "काय झाला? चेडू कित्याक रडता?" पोरगी का रडते, हे त्याने हेमराजला विचारलं.

हेमराजने कसंबसं समजावलं. मॅडमना वाटत होतं गावाचं पाणी फूटभर खाली गेलं. आता कळलं, गेलं नाही.

मेस्त्रीने डोक्याचा पंचा सोडून हातात घेतला. मग म्हणाला, "म्हणजे पाणी आसा तितक्याच आसा?"

मी मान हलवली.

"मगे बरांच झाला मां! तू रडतंस कित्याक?"

बाईमाणूस रडतंय म्हणून तो बिचारा पंचा हातात घेऊन उभा, आणि मी का रडतेय तर गावच्या विहिरींत पाणी आहे म्हणून. इतकी लाज मला आयुष्यात पूर्वी वाटली नव्हती. रडू थांबलं ते त्या लाजेनेच.

परत येताना वाटेत एसटीडीचा बूथ होता. मी कोल्हापूरला सरांना फोन लावला. सरांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. त्या दुसऱ्या सांगण्याचंही मीटर पडत होतं.

"अगं, मीच सांगायला हवं होतं, काठ बघून घे म्हणून," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "पण आता मेळावा बारा दिवसांवर आला. तेवढ्यापुरतं राहू दे की. मग सावकाश दुरुस्ती छापू. तुझं आयुष्य आहे, तनुजा."

सर वाईट नव्हते. मला मुलीसारखं मानायचे, म्हणून बोलले. काचेतून मला हेमराज दिसत होता, रस्त्यापलीकडच्या आंब्याखाली, बाटल्या मोजत. वही माझ्या काखेत होती. शाळेजवळून निघताना त्याने ती स्वतःहून माझ्या हातात परत दिली होती. म्हणाला होता, "तुमची वही, तुमचं ठरवनं. मी कोनाले नाही सांगत. माह्या तक्त्याखाली फक्त लिहीन, पातळीचे आकडे मिळाले नाही."

"सर," मी फोनवर म्हटलं, "वही मी दिली त्याला."

खोटं होतं ते. फोन ठेवला, रस्ता ओलांडला आणि ते खरं केलं.

त्याने वही घेतली, पण पिशवीत टाकली नाही. "सरासरी कोन्तीच नको लिहू आता," तो म्हणाला. पहिल्यांदाच एकेरीवर आला होता. "आधी पहिलं पान. कोन्या विहिरीले किती थर, आणि कोनी सांगितलं."

चारची गाडी आली आणि गेली. आम्ही दोघांपैकी कुणीच उठलो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोमा मेस्त्री आपणहून आला, हातात छिन्नी आणि हातोडी. म्हणाला, "रात्री इचार केलंय. कठडो काय, उद्या कोण वाढवतलो, परवा कोण पाडतलो. तुमका हलाची नाय अशी खूण होयी." आणि तो गावकरांच्या विहिरीत दोर धरून उतरला. कठड्याच्या खाली, जिथे मूळ कातळ लागतो, तिथे त्याने आडवी रेघ कोरली, वीतभर लांब. वर येऊन म्हणाला, "हयसून मोज. ही रेघ तुझ्या नातवंडांक पण पुरात."

दोन दिवसांत तेवीस रेघा झाल्या. मेस्त्री कोरायचा, मी रेघेपासून मोजायचे, हेमराज बाटली भरायचा. मेस्त्रीची मालवणी हेमराजला कळायची नाही आणि हेमराजची भाषा मेस्त्रीला. दोघंही मराठी, आणि मधे मी दुभाषी! दुसऱ्या दुपारी राणेंच्या विहिरीवर बसून आम्ही तिघांनी फणसाचे गरे खाल्ले. चिकाने हेमराजची बोटं एकमेकांना चिकटली आणि मेस्त्रीने खोबरेल चोळून ती सोडवून दिली. इतकं मोकळं हसल्याचं मला त्याआधीचं आठवत नाही. आज डोळे मिटले तरी ते दोन दिवस दिसतात, खोबरेलाच्या वासासकट.

पणजीला मी बोलले. माझी वेळ पंधरा मिनिटांची, मी सात मिनिटांतच संपवलं. पाणी उतरलं नाही, काठ चढला, एवढंच सांगायचं होतं. दोन जण हसले. परदेशी दुसरंच कुणी गेलं. प्रबंध दोन वर्षं लांबला, आणि वडिलांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं. मिरजेवाल्याने वाट न बघता जयसिंगपूरची मुलगी केली, तेवढं एक झकास झालं.

पण वही साठ्यात गेली. पहिल्या पानावर तेवीस विहिरींची नावं, पुढे थर, आणि खाली 'माहिती: सोमा मेस्त्री, गवंडी, आडवणे.' त्या साठ्यातून दरवर्षी कुणी ना कुणी पोरं ती मागतात. दिल्लीहून, गुवाहाटीहून, कुठून कुठून. मीच सांगते, सरासरी नको, वही घ्या.

हेमराज पुढे भंडाऱ्याला परत गेला, तिकडच्या तलावांवर काम करायला. माझ्याबद्दल त्याला काही वाटत होतं का, आणि मला त्याच्याबद्दल, हे आम्ही कधी बोललो नाही. त्याचं लग्न झालं, माझंही झालं. पण दर मेच्या शेवटी मी आडवण्याची वही त्याला पाठवते आणि तो त्याच्या तलावांची मला. अठ्ठावीस वर्षांत एकदाही चुकलेलं नाही.

गेल्या मे महिन्यात गेले तेव्हा गावकरांच्या विहिरीवर मेस्त्रीची सून पाणी भरत होती. मेस्त्री जाऊन अकरा वर्षं झाली. मला बघून ती म्हणाली, "बाई, औंदा चाय पण मचूळ लागता ओ. पाणी खाली गेला काय?"

मी वाकले. टेपचा शून्य मेस्त्रीच्या रेघेला लावला आणि वजन सोडलं. आकडा वाचला. परत सोडलं, परत वाचला. मग मागची पानं उलटून पाहिली. पहिल्या मोजणीपासूनची घट, दर तीन वर्षांनी: पाच, नऊ, चौदा, वीस, सव्वीस, पस्तीस, चव्वेचाळीस, त्रेपन्न. कुठे पायरी नाही, कुठे उडी नाही. सरळ उतरत आलेलं पाणी. रेघ कोरली तेव्हापासून अठ्ठावीस वर्षांत चौसष्ट सेंटिमीटर.

"होय गं," मी तिला म्हटलं. "गेलंय."

ती कळशी कमरेवर घेऊन गेली. मी तिथेच कठड्याला टेकून हेमराजला फोन लावला आणि आकडा सांगितला. रेघेपासून मोजलं की कठड्याचा काहीही संबंध उरत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

तरी त्याने विचारलं, "थर मोजले काय जी?"

"आल्या आल्या तेच केलं," मी म्हटलं. "तीनच आहेत."